बाळ दिसलं पाहिजे

आमच्याकडे तंजावरात बाळाला तूळीत घालतात. आईचं जुनं सुती लुगडं घ्यायचं, तुळईच्या आकड्याला दोन्ही टोकं बांधायची, की तूळी झाली. बाळाच्या वजनानं कापड खाली ओढलं जातं, दोन्ही कडा वर मिटतात, आत थोडा अंधार होतो आणि शेंगेतल्या दाण्यासारखं बाळ आत झोपून जातं. मी तसाच वाढलो. माजघरातला तो लोखंडी आकडा माझ्या आजोबांच्या वेळचा होता. माझ्या बायकोला मात्र तूळी नको होती.

ती सांगलीकडची. लग्न होऊन आली तेव्हा आमचं मराठी तिला नीट कळत नसे. पहिल्याच आठवड्यात घरी कोणी आलं आणि आई तिला म्हणाली, "त्यांना पाय घाल गे." आमच्या बोलीत पाय म्हणजे बसायची चटई. तमिळमधून आलेला शब्द. ती बिचारी गोंधळून स्वतःच्या पायांकडे बघत उभी राहिली. ही गोष्ट आम्ही वर्षभर सांगून हसलो. मग घरातलं हसणं कमी झालं. तिला दोनदा दिवस राहिले आणि दोन्ही वेळा मूल पोटातच गेलं, पहिल्यांदा तिसऱ्या महिन्यात, दुसऱ्यांदा सहाव्या. त्या दुसऱ्या वेळी तीन दिवस ते हलत नव्हतं, आणि हे तिला कळलं नव्हतं. ती त्याबद्दल कधी बोलायची नाही.

तिसऱ्या खेपेला सातवा लागला होता. एका रविवारी सकाळी ती वालाच्या शेंगा सोलत बसली होती आणि मान वर न करता म्हणाली, "अहो, मला पाळणा पाहिजे. लाकडी, गजांचा."

"इथं कोणी तसला वापरत नाही," मी म्हटलं. "तूळीत पोरं चांगली झोपतात."

"तूळीत बाळ दिसत नाही," ती म्हणाली. "श्वास चाललाय की नाही ते वाकून, कापड बाजूला करून बघावं लागतं. मला येताजाता दिसलं पाहिजे."

मी तेव्हा सरकारी कचेरीत ड्राफ्ट्समन होतो. कालवे, बांध, पाणी सोडायची दारं, असले नकाशे काढण्यात माझी दहा वर्षं गेली होती. बोलून जे जमत नाही ते मला कागदावर जमायचं. दुसऱ्या दिवशी मी एक मोठा कागद घरी आणला.

गल्लीत घरोघर केबलची तार येत होती ते दिवस. दुकानांतून नवनव्या वस्तू दिसायला लागल्या होत्या, पण हवा तसा पाळणा गावात मिळत नव्हता. वेताचे झुलते पाळणे होते आणि रंग दिलेले लोखंडी होते. माझ्या एका सहकाऱ्याच्या बहिणीनं सिंगापूरहून एक गुळगुळीत रंगीत पुस्तक पाठवलं होतं, मुलांच्या सामानाचं. ते मी मागून आणलं. त्यातल्या पाळण्यांना चाकं होती, खण होते, वर फिरणारी खेळणी होती, कडेला अस्वलांची चित्रं होती. आम्ही दोघं ते पुस्तक मध्ये ठेवून बसलो आणि यातलं आपल्याला खरोखर काय लागेल ते ठरवायला लागलो.

खण नको, अस्वलं नकोत, इथवर सोपं होतं. रंग नको, कारण मूल गज चाटणार. तळ फळ्यांचा नको. आमच्याकडच्या उकाड्यात पाठ भाजून निघेल, म्हणून वेताची वीण, म्हणजे खालून वारा लागेल. मच्छरदाणी हवी, पण जाळीतून धूसर दिसतं म्हणून ती एका हातानं वर करता यावी. दोघांना उचलून बाहेरच्या ओट्यावर नेता यावा एवढाच जड. गज मात्र चारी बाजूंना. गाद्यागिरद्या लावून कुठलीही बाजू झाकायची नाही, यावर ती अडून बसली. मी सगळं लिहून घेतलं. कित्येक महिन्यांनी ती इतकं बोलत होती.

झोका द्यायचा की नाही यावर आमचं एकमत झालं. पुस्तकातले सगळे पाळणे चार पायांवर स्थिर उभे होते, आणि मलाही तेच बरं वाटलं. हलणारी गोष्ट कधीतरी निखळते. नकाशे काढणाऱ्या माणसाचा विचार होता तो.

आई तोवर दारात उभी राहून ऐकत होती. "हलत नाहीं तो पाळणा कसला?" ती म्हणाली. मग खाली बसली आणि माझ्याकडे पाहून हळू म्हणाली, "आणि आधीं आणूं नको रे. पोर भुईवर आल्याउपर आणावें. रिकामा पाळणा घरांत ठेवूं नये."

बायकोचा चेहरा उतरला. मी आईला म्हटलं, "अगं, हल्ली असं कोणी मानत नाही."

"कोणी मानो न मानो," आई म्हणाली. "दोनदां झालें. तिसऱ्यानें नको."

मार्ग काढला तो आसारीनं, म्हणजे आमच्याकडच्या सुतारानं. राजवाड्यामागच्या आमच्या गल्लीच्या टोकाला त्याची पडवी होती. साठीचा माणूस, जन्मभर वीणा केलेल्या. मी त्याच्याकडे नकाशा घेऊन गेलो आणि फणसाचं लाकूड मागितलं, कारण तिथं ते ढिगानं पडलेलं असे.

"ते देणार नाही, तंबी," तो तमिळमध्ये म्हणाला. "फणसाचं लाकूड बोलतं. वीणेला ते लागतं. पाळण्याला मुकं लाकूड पाहिजे." त्याच्या सासऱ्याच्या तिरुवैयारूच्या मळ्यात पूवरसूचं एक झाड पडलं होतं, ज्याला महाराष्ट्रात पारोसा पिंपळ म्हणतात. त्याच्या फळ्या कापून वाळत ठेवलेल्या होत्या. त्या त्यानं दिल्या. माझा नकाशा त्यानं उलटासुलटा करून बघितला, दोन गजांमधल्या अंतरावर बोट ठेवलं आणि विचारलं, "हे कशावरून?"

"पुस्तकावरून."

त्यानं घरातून एक मोसंबं मागवलं. "हे दोन गजांत अडकलं पाहिजे. सरकलं तर डोकंही सरकेल." माझ्या अंतरावर दोन पट्ट्या धरून बघितल्या तर मोसंबं आरपार गेलं, तेव्हा त्यानं माझं अंतर खोडून कमी केलं. मी सिंगापूरच्या पुस्तकातला आकडा चुकीचा उतरवला होता, हे मला घरी जाऊन कळलं.

आईचं म्हणणं मी त्याला सांगितलं. त्याला त्यात हसण्यासारखं काही वाटलं नाही. "सगळे भाग करून ठेवू," तो म्हणाला. "जोडायचा नाही. न जोडलेला पाळणा पाळणा नव्हे. इथंच राहू दे."

मग रोज कचेरी सुटल्यावर मी त्याच्या पडवीत बसून गज तासायला लागलो. तो सांगे तसं पॉलिश कागदानं घासायचो, गालावर फिरवून बघायचो. बायको कधीमधी येऊन ओट्यावर टेकायची. वीणेच्या पितळी पडद्यांखाली लावायला वीणा करणारे मेण ठेवतात, त्यात कोळशाची पूड मिसळतात. आसारीनं आमच्यासाठी कोरं मेण बाजूला काढून दिलं, आणि सगळे गज आम्ही त्या मेणानं पुसून घेतले. तिच्या हाताला किती दिवस मधाचा वास येत होता. ते दोन महिने आम्ही सुखात होतो.

मुलगी झाली. ऑपरेशन करावं लागलं. मी इस्पितळाच्या बाकावर बसलेलो असताना नर्स बाहेर आली, मुलगी झाली म्हणाली आणि पटकन आत गेली. मी मुलीला बघितलं तेव्हा तिचे ओठ जांभळट होते. ऑपरेशन झाल्यामुळं असेल असं मला वाटलं. चौथ्या दिवशी मुलांच्या डॉक्टरीणबाईंनी आम्हाला खोलीत बोलावलं. हृदयात भोक आहे, म्हणाल्या, आणि नुसतं भोक नाही, नळ्याही नीट नाहीत. मद्रासला नेऊन दाखवलं. तिथल्या मोठ्या डॉक्टरांनी तेच सांगितलं. शस्त्रक्रिया होते, पण एवढ्या लहान जिवावर नाही. पाच किलो वजन झालं की या.

"तोवर काय करायचं?" बायकोनं विचारलं.

"थोडं थोडं पाजा. डोकं उंच ठेवा, आडवी ठेवू नका. आणि रडू देऊ नका. रडली की निळी पडेल."

गाडीत परत येताना ती एकदाच म्हणाली, "रडू देऊ नका म्हणजे कसं?"

आम्ही घरी आलो त्या दिवशी आसारीनं पाळणा जोडून आणून दिला होता. आईनं त्याला हळदकुंकू लावलं, कोरैच्या गवताची मऊ चटई आत अंथरली. मुलीला ठेवलं आणि पाच मिनिटांत कळलं की हा पाळणा तिच्या कामाचा नाही. सपाट ठेवलं की ती कण्हायची. गजांवरून आत हात घालायला माझ्या बायकोला वाकावं लागायचं आणि टाके ओढायचे. ती वाकून उचलेपर्यंत मुलगी रडायला लागायची. आम्ही कागदावर विचार करून ठरवला होता तो पाळणा दुसऱ्या कुठल्या तरी धडधाकट मुलाचा होता.

मी पुन्हा कागद काढला. या वेळी पुस्तक नव्हतं, मुलगी समोर होती. डोक्याकडच्या दोन्ही खांबांना आसारीनं चार चार भोकं पाडली आणि वेताची चौकट खुंट्यांवर ठेवली, म्हणजे हवी तेवढी वर घेता येईल. दुसऱ्या भोकावर ती अस्वस्थ असायची. तिसऱ्यावर झोपायची. घसरू नये म्हणून पायांशी कापडाची गुंडाळी लावली. एका बाजूचे गज काढून त्यांना पितळी बिजागऱ्या लावल्या, म्हणजे ती बाजू खाली पडेल आणि शेजारी चटईवर निजल्या निजल्या आईचा हात आत पोचेल. मच्छरदाणीचे खांब काढून टाकले, जाळीत दोन्ही हात गुंतायला वेळ नव्हता. धूप घालून डास हाकलायचं ठरलं.

तरी ती रडायचीच. कडेवर घेऊन हलवलं की थांबायची, ठेवलं की पुन्हा सुरू. चार दिवस आम्ही तिघांनी पाळीपाळीनं तिला घेऊन येरझारा घातल्या. पाचव्या दिवशी मी आईकडे न बघता म्हटलं, "झोका लागणार."

"लाव," एवढंच आई म्हणाली. दुसरी कुणी असती तर म्हणाली असती, मी सांगितलं होतं. आईनं तो शब्द तेव्हा काढला नाही, नंतरही नाही.

आसारीनं पायांखाली दोन वाकलेल्या पट्ट्या बसवल्या. आईनं गजाला दोरी बांधली आणि त्या दिवसापासून दोरी तिच्या हातात असायची. दोरी ओढत ती आमच्या जुन्या बोलीत काहीबाही गुणगुणायची. त्यातले अर्धे शब्द माझ्या बायकोला कळत नसत, पण तिनं ते पाठ केले. आईला डुलकी लागली की तोच सूर धरून ती दोरी घ्यायची.

एक महिन्यानं पाळणा कुरकुरायला लागला. बारीक आवाज, पण मुलगी दचकायची. मी सगळे सांधे आवळून बघितले, थांबेना. आसारी सकाळी आला. त्यानं मुलीला काढायला सांगितलं नाही. जमिनीवर बसला, एका खांबाला कान लावला आणि आईला खूण केली, हलवा. मग दुसऱ्या खांबाला कान लावला. वीणा सुरात आणताना तो असाच डोळे मिटून बसायचा. चौथ्या खांबाशी त्यानं हात वर केला, बोटभर मेण गरम करून एका सांध्यात सोडलं, आणि आवाज गेला. मुलगी त्याच्याकडे एकटक बघत होती. "माझ्याकडे कान लावून बघतेय पोरगी," तो म्हणाला.

ती बघायची खूप. गजांतून सगळं बघायची. पंखा, आईच्या हातातली दोरी, ओट्यावरून जाणारी माणसं. तिला रडायला परवानगी नव्हती म्हणून असेल, तिचे डोळे फार बोलायचे. माझी बायको कुठंही असो, स्वयंपाकघरात, विहिरीवर, दर थोड्या वेळानं दाराशी येऊन तिच्या छातीकडे बघायची आणि परत जायची. दर सोमवारी आम्ही वजन करायचो. चार किलोला ती पोचली तेव्हा आईनं मारुतीला वड्यांची माळ घातली.

पाचवा महिना सरत आला होता. पंगुनीचा, म्हणजे मार्च-एप्रिलचा उन्हाळा. रविवार होता म्हणून मी घरी होतो, सकाळचे नऊ वाजले असतील. मुलीला दोन दिवस थोडा खोकला होता, डॉक्टरीणबाईंनी औषध दिलं होतं. दूध पिऊन ती झोपली होती. मी पेपर वाचत होतो. बायको तांदूळ धुवत होती, मध्येच हात पुसत दाराशी आली आणि उभी राहिली. नेहमीपेक्षा जास्त वेळ उभी राहिली. मी पेपरावरून वर पाहिलं.

"अहो," ती म्हणाली, अगदी साध्या आवाजात. "हलत नाहीये."

आई दोरी ओढत होती, पाळणा हलत होता. आईला वाटलं ती पाळण्याबद्दल बोलतेय. "हलतो आहे कीं," ती म्हणाली. मग तिचा हात थांबला.

रिक्षानं इस्पितळात नेलं. तिथं काही करण्यासारखं उरलं नव्हतं. दुपारी वडवार नदीच्या पलीकडे, जिथं लहान मुलांना पुरतात तिथं, मी तिला हातात घेऊन गेलो. आसारी बरोबर आला. खड्ड्यात उतरून त्यानं हातांनी तळाची ढेकळं काढून टाकली, सारखं केलं आणि मग माझ्याकडे हात पसरले.

पाळणा माजघरात तसाच राहिला. काढून ठेवूया असं मी एकदा म्हटलं, बायको नको म्हणाली. ती त्याच्याशेजारी चटईवर बसून राहायची. एका दुपारी आई तिच्यासमोर भात घेऊन बसली होती. बायकोनं ताट सरकवलं आणि विचारलं, "तुम्हाला वाटतं ना आई, माझ्यामुळं झालं? मी आधी पाळणा करायला लावला म्हणून?"

मी बाहेरच्या खोलीत होतो.

"ह्याच्या आधीं मज एक झाला होता," आई म्हणाली. "मुलगा. सात महिन्यांचा होऊन गेला. मीं सगळें पाळलें होतें. नवें कापड नाहीं, नवी दोरी नाहीं, बाराव्यापर्यंत नांव सुद्धां घेतलें नाहीं. तूळींत घालून मी अंगणांत गेलें, आलें तों गेला होता. कधीं गेला तें कोणी पाहिलें नाहीं." ती थांबली. "तूं पाहिलेंस. तूं होतीस तेथें. जेव आतां."

मला भाऊ होता हे मला माझ्या तेहतिसाव्या वर्षी, भिंतीआडून, असं कळलं. मी आत गेलो नाही. थोड्या वेळानं ताटाचा आवाज आला.

माझ्या मनात वेगळंच चाललं होतं. मी तो कागद पुन्हा पुन्हा काढून बघायचो. तिसऱ्या भोकाऐवजी चौथं घेतलं असतं तर? झोका तिला जास्त झाला का? शेवटी मी डॉक्टरीणबाईंकडे गेलो आणि कागद त्यांच्यापुढे ठेवला. त्यांनी तो नीट बघितला. मग म्हणाल्या, "सार, तुम्ही पाळणा कसाही केला असता तरी हेच झालं असतं. तिचा खोकला छातीत उतरला. तेवढं सोसायची ताकद त्या हृदयात नव्हती."

माझा दोष नाही असं त्यांना सांगायचं होतं. मला ऐकू आलं ते असं, की मी केलेल्या एकाही गोष्टीनं काही फरक पडला नाही. घरी येऊन मी तसंच बायकोला सांगितलं.

ती जवळजवळ रागानंच म्हणाली, "त्यांना काय माहीत? सपाट ठेवल्यावर कशी कण्हायची, ते त्यांनी कुठं ऐकलंय? वर घेतल्यावर झोपायची ती. रोज झोपायची." आणि मग ती रडली. मुलगी गेल्यापासून पहिल्यांदाच.

मी निघताना डॉक्टरीणबाईंनी मला आणखी एक विचारलं होतं. वॉर्डात ओरत्तनाडूकडची एक बाई आहे, तिचं बाळही असंच आहे, दिवसभर त्याला खांद्यावर उभं धरून बसते. तो पाळणा तुम्ही देणार का? मी हो म्हटलं नव्हतं. दोन दिवसांनी मी बायकोला सांगितलं. तिनं संध्याकाळपर्यंत विचार केला आणि म्हणाली, "उद्या नेऊ. मी येते."

आसारीनं सांधे तपासून दिले. छोट्या टेम्पोत घालून आम्ही तो इस्पितळात नेला. ती बाई अगदी पोरसवदा होती, खांद्यावरचं बाळ न हलवता आमच्याकडे बघत होती. माझ्या बायकोचं तमिळ तेव्हा बाजारापुरतं होतं. त्या मोडक्या तमिळमध्ये तिनं तिला एकेक गोष्ट दाखवली. खुंट्या कशा काढायच्या, कुठल्या भोकात घालून बघायच्या, बाजू पाडताना बोट कसं सांभाळायचं. दोरी ओढून दाखवली. त्या बाईनं बाळाला आत ठेवलं, हात लगेच काढला नाही. मग काढला. मी व्हरांड्यात जाऊन उभा राहिलो.

त्या बाळाचं पुढं काय झालं ते आम्ही विचारलं नाही. डॉक्टरीणबाई वाटेत भेटल्या तर मी नमस्कार करून दुसरं काहीतरी बोलायचो.

आम्हाला पुढं मूल झालं नाही. बायको तीन महिने माहेरी राहून आली. येताना तिनं पाटी आणि बाराखडीची चार पुस्तकं आणली. आमच्या गल्लीतल्या मराठी घरांतली मुलं घरात मराठी ऐकतात, पण उत्तर तमिळमध्ये देतात, आणि देवनागरी तर मोठ्यांपैकीही कोणाला धड येत नव्हती. मलाही येत नव्हती. ती त्यांना संध्याकाळी ओट्यावर बसवून शिकवायला लागली. पहिल्या दिवशी पाच मुलं आली. मी कचेरीतून आलो की मागं खांबाला टेकून बसायचो. एक दिवस तिनं माझ्याकडेही पाटी सरकवली आणि म्हणाली, "नुसते बसू नका. काढा."

माझं अक्षर नकाशे काढणाऱ्याचं होतं. सरळ आणि सुटं यायचं, पण काना-मात्रा चुकायच्या. ती खोडून पुन्हा लिहायला लावायची. हे सगळं मी मराठीत लिहू शकलो ते तेवढ्यामुळं. तिनं अजून वाचलेलं नाही. चुका तिनंच काढायच्या आहेत.